पाटकरी आणि सर्व्हर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी आम्हाला बजावलं होतं, की आठवणी जेवणाच्या पंगतीत निघतीलच. व्यासपीठावर प्रत्येकानं आपल्या व्यवसायातलं काहीतरी उपयोगाचं सांगायचं. माझी अडचण अशी, की मी नक्की काय काम करते हे माझ्या सासर-माहेरच्यांनाही नीट ठाऊक नाही. "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" इथंच माझी ओळख संपते. तर सांगते. इंजिनिअरिंगची पदवी घेतल्यापासून गेली वीसेक वर्षं मी सर्व्हरच्या कामात आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं 'सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन' नावाच्या कामात गेली. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

हा विषय आज घेण्याचं कारण तुम्हीच आहात. आपल्यातले काहीजण पतसंस्थेत संचालक आहेत, कुणी दूध संस्थेचं काम बघतं, कुणाचा शिरोलीला कारखाना आहे, कुणाचं हॉस्पिटल आहे, कुणी शाळेच्या कार्यालयात आहे. तुमच्यापुढं कधी ना कधी एक कोटेशन येतं : 'जुना सर्व्हर बदलणे, रुपये इतके लाख.' त्यावर सही करताना काय विचारायचं, हे बहुतेकांना माहीत नसतं. विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल म्हणून गप्पही बसतात. ती भीड मोडावी, एवढाच या भाषणाचा हेतू.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते बघू. आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर एका माणसाचं काम करतो. सर्व्हर हा अनेकांचं काम करणारा, चोवीस तास चालू राहणारा कॉम्प्युटर. पतसंस्थेच्या सगळ्या काउंटरवरच्या नोंदी जिथं जमा होतात तो सर्व्हर. मी नोकरीला लागले तेव्हा पद्धत अशी होती, की एका कामाला एक यंत्र. हिशेबाला एक, ई-मेलला एक, हजेरीला एक, कारखान्याच्या ड्रॉइंगसाठी आणखी एक. एकाच यंत्रावर सगळं घातलं तर एका सॉफ्टवेअरच्या बिघाडानं दुसरं बंद पडायचं, म्हणून ही काळजी. पण त्यातलं प्रत्येक यंत्र दिवसभरात आपल्या ताकदीच्या दहा-पंधरा टक्केसुद्धा राबत नसे. बाकी वेळ नुसतं वीज खात, गरम होत, एसीच्या खोलीत बसून असे.

आता नदीकाठी या. वेदगंगेच्या काठी ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच पटेल. प्रत्येक शेतकऱ्यानं नदीवर आपापली मोटार बसवली, आपापली केबल ओढली, आपापली पाईप पुरली, तर काय होतं? प्रत्येकाची मोटार आठवड्यातले बरेच दिवस बंद, आणि खर्च मात्र प्रत्येकाला पूर्ण. म्हणून आपल्या जिल्ह्यात लोकांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या. एक जॅकवेल, मोठे पंप, एक मुख्य पाईपलाईन, आणि पाळीप्रमाणं पाणी सोडणारा पाटकरी. ज्याची पाळी त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. त्याच्या दृष्टीनं ते पाणी त्याचंच असतं, आणि मधे बांध असल्यानं एकाचं पाणी दुसऱ्याच्या पिकात जात नाही.

सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणजे नेमकं हेच. एक दणकट यंत्र घ्यायचं आणि त्यावर 'हायपरव्हायझर' नावाचं सॉफ्टवेअर बसवायचं. हा आपला पाटकरी. तो त्या एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं उभी करतो. प्रत्येक आभासी यंत्राला वाटतं, की हा प्रोसेसर आपला आणि ही डिस्क आपली. हिशेबाच्या यंत्राला शेजारच्या ई-मेलच्या यंत्राचा पत्ता नसतो. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहतं, कारण मधे बांध आहे. फरक इतकाच, की आपला पाटकरी तासांची पाळी देतो आणि हा सेकंदाच्या हजाराव्या भागाची. म्हणून कुणाला थांबल्यासारखं वाटतच नाही.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीनं आपल्या अवाढव्य आणि महागड्या यंत्रांवर हा प्रयोग केला, कारण इतकं महाग यंत्र एकट्याला देणं परवडणारं नव्हतं. १९७२ मध्ये त्यांनी ती व्यवस्था बाजारात आणली. पुढं छोटी, स्वस्त यंत्रं आली आणि लोक हे विसरले. मग १९९८ मध्ये अमेरिकेत व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि साध्या सर्व्हरवरही हे करता येऊ लागलं. तिच्या संस्थापकांपैकी आणि पहिल्या प्रमुख डायान ग्रीन या एक महिला इंजिनिअर होत्या, हे इथल्या मुलींसाठी मुद्दाम सांगते. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' आलं, २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच 'केव्हीएम' आलं, आणि ही दोन्ही मोफत मिळतात. आज आपण ज्याला 'क्लाउड' म्हणतो तो याच पायावर उभा आहे. महाराष्ट्र शासनानंही आपल्या डेटा सेंटरमध्ये याच पद्धतीनं क्लाउड उभा केला, म्हणजे प्रत्येक खात्यानं वेगळा सर्व्हर विकत घ्यायची गरज उरली नाही.

आता धंद्याला फायदा काय? विक्रेता पहिल्यांदा वीज सांगतो, म्हणून तो हिशेब आधी करू. समजा, एका कारखान्यात पाच सर्व्हर आहेत आणि प्रत्येक ३०० वॅट घेतो. चोवीस तासांचे ३६ युनिट झाले, वर्षाचे १३,१४०. त्याऐवजी ४५० वॅटची दोन मोठी यंत्रं घेतली, तर वर्षाला ७,८८४ युनिट. बचत ५,२५६ युनिटची. दहा रुपये युनिट धरलं तर साडेबावन्न हजार रुपये, आणि एसीची थोडी बचत वेगळी. शिवाय पाच-सहा वर्षांनी यंत्रं बदलायची वेळ आली, की पाचऐवजी दोनच घ्यायची. बचत खरी आहे, पण केवळ तेवढ्यासाठी कुणी एवढा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही.

खरा फायदा वेगळा आहे. आभासी यंत्र म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही फायली. त्यात तुमचं विंडोज किंवा लिनक्स, तुमचं सॉफ्टवेअर, तुमच्या नोंदी, सगळं असतं. म्हणजे अख्खा सर्व्हरच आता कॉपी करता येतो, उचलून दुसरीकडं नेता येतो. काम आणि लोखंड यांची फारकत झाली. पूर्वी लोखंड गेलं, की काम थांबायचं. आता लोखंड गेलं, तर काम दुसऱ्या लोखंडावर चालू करता येतं. बाकी सगळे फायदे यातूनच निघतात.

एक उदाहरण सांगते. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत हजेरी आणि पगाराचं जुनं सॉफ्टवेअर होतं. ते विंडोज सर्व्हर २००३ वरच चालायचं आणि ज्यानं लिहिलं तो माणूस परदेशी निघून गेलेला. यंत्र म्हातारं झालं, सुटे भाग मिळेनात. मायक्रोसॉफ्टनं जुलै २०१५ मध्ये त्या विंडोजची देखभालही थांबवली. कामगारांचा वीस वर्षांचा पगार-रेकॉर्ड त्यात. आम्ही त्या यंत्राची जशीच्या तशी आभासी प्रत केली, नव्या सर्व्हरवर ठेवली, आणि इंटरनेटपासून पूर्ण तोडली, कारण देखभाल बंद झालेली प्रणाली उघड्यावर ठेवणं धोक्याचं. नवं सॉफ्टवेअर तयार होईपर्यंत ती प्रत बिनतक्रार चालली. मधल्या काळात निवृत्त झालेल्या कामगारांचे हिशेब त्यातूनच निघाले.

दुसरा फायदा बदल करताना. पतसंस्थेत काम करणाऱ्यांना माहीत आहे, मार्चएंडच्या तोंडावर सॉफ्टवेअरला कुणी हात लावू देत नाही. आभासी यंत्र असेल तर त्याची एक प्रत बाजूला चालू करायची, नवा बदल आधी तिथं करून बघायचा, व्याजाची आकारणी बरोबर येते का तपासायचं, आणि मगच खऱ्या यंत्रावर करायचा. खऱ्यावर करतानाही आधी 'स्नॅपशॉट' घ्यायचा, म्हणजे त्या क्षणाची नोंद. बदल फसला, तर काही मिनिटांत पहिल्या जागी परत येता येतं.

तिसरा फायदा दुरुस्तीचा. दोन यंत्रं आणि त्यांना साजेशी डिस्कची व्यवस्था असेल, तर चालू काम न थांबवता एका यंत्रावरचं आभासी यंत्र दुसऱ्यावर सरकवता येतं. काउंटरवरच्या माणसाला कळतही नाही. पहिलं यंत्र बंद करून दुरुस्त करा, धूळ झाडा, पंखा बदला. त्यासाठी रविवारची वाट बघायला नको.

आणि चौथा फायदा आपल्या जिल्ह्यानं अनुभवलाय. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. पंचगंगा शहरात शिरली, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि दोनच वर्षांनी २०२१ मध्ये पुन्हा तेच. माझ्या ओळखीच्या दोन व्यापारी पेढ्यांची कार्यालयं २०१९ च्या पाण्यात होती, दोन्ही तळमजल्यावर. एकीच्या सर्व्हरची प्रत रोज रात्री पुण्यातल्या यंत्रावर जात होती. कार्यालयात गुडघाभर पाणी असताना त्यांच्या माणसांनी घरून हिशेब उघडले, येणी-देणी बघितली, आणि मालाच्या गाड्या कुठं अडकल्यात ते गिऱ्हाइकांना कळवलं. दुसऱ्या पेढीचा बॅकअप होता, पण तो त्याच टेबलाच्या खणात ठेवलेल्या डिस्कवर. सर्व्हर आणि डिस्क दोन्ही एकाच पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर कागदं वाळवून, बिलं जुळवून नोंदी पुन्हा भरण्यात त्यांचे कित्येक आठवडे गेले, आणि काही येणी कायमची बुडाली. दोघांच्या यंत्रांच्या किमतीत फारसा फरक नव्हता. एकानं प्रत लांब ठेवली होती, दुसऱ्यानं जवळ.

इथवर मी फायदेच सांगितले. आता धोकेही सांगते, कारण विक्रेता ते सांगत नाही. पुन्हा जॅकवेलवर चला. सगळे एका पंपावर आले, म्हणजे तो पंप जळला तर सगळ्यांची शेतं एकदम कोरडी पडतात. पाच सर्व्हर एका यंत्रात घातले आणि दुसरं यंत्रच ठेवलं नाही, तर आपण धोका कमी न करता पाचपट केला. म्हणून किमान दोन यंत्रं हवीत, आणि एकावर सगळ्याचा भार पेलेल इतकी त्यांची ताकद हवी. दुसरा धोका पाणी वाटपाचा. सभासद वाढवत गेलात आणि पाणी तेवढंच राहिलं, तर उन्हाळ्यात टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही. एका यंत्रावर वाटेल तेवढी आभासी यंत्रं चढवली, तर महिनाअखेरीला सगळीच रेंगाळतात आणि कुणाला दोष द्यावा तेही कळत नाही.

तिसरा धोका गैरसमजाचा आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो; डिस्क गेली की तोही गेला. प्रती निदान तीन हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. तीही अशी, की आपल्या नेटवर्कमध्ये घुसलेल्या चोराला तिथं पोचता येऊ नये. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस देशातल्या अनेक लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून त्याला राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेपासून तोडावं लागलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार तेवढ्या काळापुरते अडले. सामायिक विहिरीचा फायदा सगळ्यांना मिळतो, तसं तिच्यात काही पडलं तर त्रासही सगळ्यांना होतो.

चौथा धोका लायसन्सचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या कंपनीनं व्हीएमवेअर विकत घेतली आणि एकरकमी लायसन्स बंद करून वर्गणीची पद्धत आणली. जगभरच्या अनेक ग्राहकांनी बिलं वाढल्याची तक्रार केली. बरेचजण आता केव्हीएमवर आधारलेल्या मोफत प्रणालींकडं वळताहेत. मोफत म्हणजे बिनखर्ची नव्हे; ती चालवणारा जाणता माणूस लागतो. पण कोटेशनमध्ये पहिल्या वर्षाची रक्कम बघून सही करू नका, पाच वर्षांची बेरीज मागा.

आता हे आपल्या गावापर्यंत कसं आलंय ते बघा. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सेवा संस्थांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी २,५१६ कोटींची ही योजना होती, आणि नंतर संस्थांची संख्या आणखी वाढवली. नाबार्डच्या देखरेखीखाली एकच सामायिक सॉफ्टवेअर, तेही क्लाउडवर. म्हणजे गावातल्या सोसायटीच्या कार्यालयात सर्व्हर नसणारच; तिची कर्जखाती दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या यंत्रांवर असणार. ज्या सोसायटीत आपल्या आईवडिलांनी पीककर्जासाठी अंगठे आणि सह्या केल्या, तिची खतावणी आता अशी सांभाळली जाणार आहे. त्यामुळं हा विषय पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचा राहिलेला नाही.

म्हणून संचालक म्हणून, कारखानदार म्हणून, मुख्याध्यापक म्हणून तुम्ही पाच प्रश्न विचारा. पहिला : हे यंत्र आज, आत्ता बंद पडलं, तर किती तासांत काम सुरू होईल? दुसरा : सुरू होईल तेव्हा शेवटची किती तासांची नोंद गेलेली असेल? तिसरा : प्रत कुठं आहे, आणि ती याच इमारतीत नाही ना? चौथा : बॅकअप उघडून बघितल्याला किती दिवस झाले? पाचवा : हा पुरवठादार उद्या सोडायचा म्हटलं, तर आपल्या नोंदी आपल्याला कशा रूपात परत मिळतील? यातल्या एकाही प्रश्नाला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. उत्तर देणाऱ्यानं "काळजी करू नका साहेब, सगळं क्लाउडवर आहे" असं म्हटलं, तर समजा की उत्तर मिळालेलं नाही.

आणि ज्यांना याची गरज नाही त्यांनी या फंदात पडू नये, हेही सांगते. एक कॉम्प्युटर आणि टॅली यावर चालणाऱ्या दुकानाला सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन नको. त्यानं रोजची प्रत बाहेर ठेवली आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघितली, तरी पुष्कळ झालं. दोन-तीन कामं असतील आणि सांभाळायला माणूस नसेल, तर स्वतःची यंत्रं घेण्यापेक्षा भाड्यानं क्लाउडवर घेणं बरं. चार-पाच सर्व्हर असतील, नोंदी घरातच ठेवायच्या असतील, आणि इंटरनेट बेभरवशाचं असेल, तर आपली दोन यंत्रं आणि त्यावर व्हर्च्युअलायझेशन हा चांगला मार्ग आहे.

शेवटचा मुद्दा इथल्या मुलांसाठी. डॉ. जे. पी. नाईक यांनी खेड्यातल्या मुलांना खेड्यातच चांगलं शिक्षण मिळावं म्हणून याच गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं केलं. ग्रामीण भागासाठी इंजिनिअर घडवणारी आयसीआरई इथंच आहे. व्हर्च्युअलायझेशन शिकायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मेमरी जरा जास्त असलेला एक जुना कॉम्प्युटर आणि मोफत मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर चार सर्व्हर उभे करता येतात, मोडता येतात, परत उभे करता येतात. मोडलं तरी कुणाचं नुकसान होत नाही, त्यामुळं शिकायला यासारखी चांगली जागा नाही. भुदरगड तालुक्यातल्या संस्थांना, दवाखान्यांना, कारखान्यांना अशी जाणती मुलं हवी आहेत. आज ते काम कोल्हापूर-पुण्याहून फोनवर चालतं आणि बिघाड झाला की माणूस यायला दुसरा दिवस उजाडतो. आपल्यापैकी कुणी शाळेला एखादा वापरातून काढलेला चांगला सर्व्हर देऊ शकत असेल, तर जरूर द्यावा. सुट्टीत येऊन मुलांना शिकवायची जबाबदारी मी घेते. आज सगळ्यांसमोर शब्द देते, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

सर, बाई, तुम्ही आम्हाला गणित घालताना उत्तर आल्यावर पडताळा करायला लावायचात. ताळा जुळला नाही तर पूर्ण गुण मिळत नसत. संस्थांच्या नोंदींचंही तसंच आहे. बॅकअप घेतला हे उत्तर झालं; तो उघडून बघितला हा पडताळा. तेव्हा येत्या मार्चएंडच्या आत आपापल्या संस्थेत एकदा तो उघडून दाखवायला सांगा, एवढीच विनंती करते आणि थांबते.